देवघेवीच्या टेबलावरून

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात मी १९९१ पासून एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. देवघेवीच्या टेबलामागे बसून मी हजारो पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारला. त्यातली जी पुस्तकं बाईच्या प्रेमाची आणि तिच्या मोकळं होण्याच्या धडपडीची होती, त्यांच्याकडे माझं जास्त लक्ष असायचं. २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी आम्ही बायकांचा वाचनकट्टाही चालवला. धुणं-भांडी आवरून, मुलांना झोपवून बारा-पंधरा जणी यायच्या. या पुस्तकांबद्दल मला जे कळलं ते बरंचसं त्यांच्याकडून कळलं. तेच इथे लिहिते आहे.

१. पुस्तक कुणाच्या नावावर जातं, ते आधी बघावं.

मी लागले तेव्हा सभासदांच्या नोंदवहीत बायकांची नावं बोटांवर मोजण्याइतकी होती. म्हणजे बायका वाचत नव्हत्या असं नाही. संध्याकाळी एखादा मुलगा कापडी पिशवी घेऊन यायचा आणि म्हणायचा, "बाई, आईनं जाड पुस्तक द्यायला सांगितलंय." जाड अशासाठी, की ते आठवडाभर पुरलं पाहिजे. कार्ड वडिलांच्या नावाचं, पुस्तक निवडणार मी, आणणार मुलगा. वाचणारीचं नाव कुठेच नाही. पुस्तकं परत यायची ती वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली. आधी मला वाटायचं, पुस्तक जपण्याची किती हौस! विभावरी शिरूरकरांच्या 'हिंदोळ्यावर'ला आणि गौरी देशपांड्यांच्या पुस्तकांना नेमानं कव्हर असतं आणि धार्मिक पुस्तकांना नसतं, हे माझ्या ध्यानात यायला बराच काळ जावा लागला.

कट्ट्यावर एकदा मी सगळ्यांना विभावरी शिरूरकरांची हकिकत सांगितली. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं आणि गदारोळ उठला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनात काय चाललंय ते कुणीतरी छापून मांडलं होतं. लोक विचारत राहिले, ही विभावरी कोण? ती होती बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली बाई, स्वतःच्या नावानं हे लिहिणं तिला शक्य नव्हतं. माझं बोलणं संपल्यावर कोपऱ्यातल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे लिहिणारीनंसुद्धा कव्हर घातलं होतं की."

त्यानंतर आम्ही एक केलं. पन्नास रुपये अनामत भरून जी स्वतःच्या नावाचं कार्ड काढेल, तिच्यापुढे ज्या महिन्यात नवी पुस्तकं येतील त्या महिन्यात ती आधी ठेवायची. दोन वर्षांत एकशे चाळीस कार्डं झाली. बऱ्याच जणींनी बचत गटातून पैसे आणले होते.

२. बायका आधी घर बघतात, मग माणूस.

हे मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही, कट्ट्यावर ऐकलं. नायक कसा दिसतो, कसा बोलतो हे आमच्या बायकांना फारसं आठवायचं नाही. घरात खोल्या किती, स्वयंपाकघराला खिडकी आहे का, न्हाणीघर कुठे, किल्ल्या कुणाच्या कमरेला, हे मात्र बिनचूक आठवायचं.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० साली 'करमणूक'मधून येऊ लागली. यमू आपली कहाणी आपल्याच तोंडानं सांगते. नवरा गेल्यावर तिचं बळजबरीनं केशवपन होतं, तो भाग सगळ्यांना ठाऊक असतो, अभ्यासक्रमातही तोच असतो. आमच्या कट्ट्यावर बायका रेंगाळल्या त्या मुंबईच्या बिऱ्हाडाशी. नवरा-बायको मोठ्या घरातून बाहेर पडतात, वेगळं राहतात, तो तिला शिकवतो, ती त्याच्याशी मोकळेपणानं बोलते. एरवी फारशा न बोलणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "त्यांचं प्रेम आधीपासूनच असणार. बोलायला जागा मुंबईत मिळाली." मी ते वाक्य घरी जाऊन लिहून ठेवलं. एकत्र कुटुंबात दिवसाउजेडी नवऱ्याशी दोन शब्द बोलले तरी निर्लज्ज ठरण्याचा काळ आमच्यातल्या वयस्क बायकांनी स्वतः पाहिलेला होता. प्रेम ही मनातली गोष्ट आहे असं आपण म्हणतो, पण तिला भिंत, दार, कडी आणि घटकाभर निवांतपणा लागतो.

आशापूर्णा देवींच्या कादंबऱ्या वाचल्यावर हे आणखी पक्कं झालं. 'प्रथम प्रतिश्रुती', 'सुवर्णलता' आणि 'बकुलकथा' ही तीन पिढ्यांची माळ. 'प्रथम प्रतिश्रुती' १९६४ ची. त्यांना १९७६ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या लेखिका. पहिल्या कादंबरीतली सत्यवती आपल्या मुलीला शिकवायचं म्हणून जिवाचा आटापिटा करते, आणि तिच्या पाठीमागे नऊ वर्षांच्या सुवर्णाचं लग्न उरकून टाकतात. सत्यवती संसार सोडून काशीला निघून जाते. दुसऱ्या कादंबरीत त्या सुवर्णाचं सासर आहे. नवं घर बांधायला काढतात, ती नवऱ्याकडे एकच मागणं मागते, रस्त्याकडे उघडणारा सज्जा. तिथे उभं राहिलं की जग दिसेल. तो हो म्हणतो. ती मोठ्या आशेनं नव्या घरात पाऊल टाकते, तर सज्जा कुठेच नाही.

आमच्या कट्ट्यावर शिवणकाम करणारी एक ताई होती. बसस्टँडच्या मागच्या आळीत तिचं दीड खोलीचं घर. पुस्तक तिनं तीनदा मुदत वाढवून घेतलं होतं. त्या शनिवारी ती बोलायला उभी राहिली आणि सुवर्णलतेविषयी न बोलता मशिनविषयी बोलली. लग्नात आलेलं शिलाई मशिन पहिली अकरा वर्षं माडीखालच्या अंधाऱ्या बोळात होतं. उजेड नाही म्हणून दोरा ओवताना डोळ्यांतून पाणी यायचं. खिडकीपाशी मशिन ठेवू का, असं ती दर दिवाळीला विचारायची. खिडकीपाशी सासऱ्यांची खुर्ची होती. सासरे वारल्यावरही दोन वर्षं ती खुर्ची तिथेच राहिली. एका दुपारी घरात कुणी नसताना तिनं एकटीनं खुर्ची हलवली, मशिन ओढत आणून खिडकीपाशी लावलं आणि संध्याकाळपर्यंत परकर शिवत बसली. नवरा आला, त्यानं बघितलं, काही बोलला नाही. "त्या दिवशी मला ते पहिल्यांदा आवडले," ती म्हणाली.

तेव्हा सगळ्या हसल्या. मला मात्र रात्री झोप लागली नाही. लग्नाला अकरा वर्षं झाल्यानंतरचं ते पहिलं आवडणं होतं.

३. बोलू देत नाहीत तिथे बाई लिहिते.

रवींद्रनाथांची 'स्त्रीर पत्र' ही कथा १९१४ ची. मृणाल घरातली मधली सून. पंधरा वर्षांच्या संसारानंतर जगन्नाथपुरीहून ती नवऱ्याला पत्र लिहिते. इतक्या वर्षांत त्याला लिहिलेलं तिचं हे पहिलंच पत्र. जावेची अनाथ बहीण बिंदू हिला एका वेड्या माणसाच्या गळ्यात बांधतात, आणि शेवटी ती स्वतःला जाळून घेते. त्या बिंदूपायी मृणाल घर सोडते. यात दुसरा पुरुष नाही. परपुरुषासाठी घर सोडणारी बाई समाजाला कळते, तिला नावं ठेवता येतात. एका पोरक्या मुलीवरच्या मायेपोटी घर सोडणारीला काय नाव द्यायचं?

मराठीत 'कारावासातून पत्रे' लिहिताना गौरी देशपांड्यांनीही पत्राचीच वाट धरली. आमच्या सभासदांनी परत केलेल्या पुस्तकांत मला कितीतरी चिठ्ठ्या सापडल्या. दुधाचा हिशेब, किराणा, मधेच दोन ओळी कुणाला न पाठवलेल्या. त्या मी कधी पूर्ण वाचल्या नाहीत. पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवायचे आणि पुढच्या वेळी हातात द्यायचे.

४. मिळवती म्हणजे मोकळी, हे खरं नव्हे.

'कळ्यांचे निःश्वास' वाचून आजच्या मुली पहिल्यांदा चकित होतात, कारण त्यातल्या मुली नोकऱ्या करतात. मग त्यांच्या लक्षात येतं, की त्या पगारावर भावंडांची शिक्षणं आणि वडिलांचा संसार चाललाय, म्हणून मुलीचं लग्न आज नको, पुढच्या वर्षी बघू, असं चाललेलं असतं. शांता गोखल्यांची 'रीटा वेलिणकर' जवळजवळ साठ वर्षांनंतरची. रीटा थोरली, मुंबईत चांगल्या हुद्द्यावर, धाकट्या बहिणींचं आणि आईवडिलांचं ओझं तिच्या खांद्यावर, आणि प्रेम विवाहित साहेबावर. ती कोसळते. साठ वर्षांत पगार वाढला, ओझं उतरलं नाही. तिला उभं राहायला हात देते ती मैत्रीण, सरस्वती. मैत्रिणीवरचं प्रेम हेही प्रेमच, पण आपल्याकडे प्रेमकथा म्हटलं की ते मोजतच नाहीत.

कट्ट्यावर एक शिक्षिका यायच्या. पगार माझ्या चौपट. एकदा वर्गणी भरायला पर्स उघडली आणि म्हणाल्या, "बाई, पुढच्या आठवड्यात देते, एटीएम कार्ड यांच्याकडे असतं." वर्गणी तीस रुपये होती.

५. उंबऱ्याची गोष्ट सगळ्यांची नसते.

हे मला उशिरा उमगलं, आणि ज्यांनी शिकवलं त्यांचे उपकार आहेत. २००९ सालापासून द्राक्षबागेत विरळणीला जाणाऱ्या दोघी कट्ट्यावर येऊ लागल्या. आमचं चाललेलं असायचं, घराबाहेर पडणं, उंबरा ओलांडणं वगैरे. दोन-तीन शनिवार त्यांनी ऐकून घेतलं. मग एक जण म्हणाली, "आमाला कुणी उंबऱ्याच्या आत ठेवलंच न्हाई, बाई. आमी भायेरच हाय. हजेरीचं पैसं कुनाच्या हातात देत्यात, ते इचारा."

मी खाली बघितलं. मी निवडलेल्या पुस्तकांत माजघरातली बाई होती, वाड्यातली बाई होती, बंगाली कोठीतली बाई होती. रानातली बाई नव्हती. त्यानंतर आम्ही ऊर्मिला पवारांचा 'सहावं बोट' हा कथासंग्रह आणला. त्यांची 'कवच' ही कथा मोठ्यानं वाचली. आंबे विकायला जाणारी आई, तिच्या मालावरून गिऱ्हाईकं करतात ते वाह्यात बोलणं, आणि ते ऐकून कानकोंडा होणारा तिचा पोर. वाचताना माझाच आवाज अडखळला. त्या दोघी मात्र शांत होत्या. बाजारात बसणाऱ्या बाईला तोंड द्यावं लागतं, तसं तोंड चालवताही यावं लागतं, हे त्यांना कथेनं सांगायची गरज नव्हती. वाटेगाव आमच्याच जिल्ह्यातलं, अण्णाभाऊ साठे आमचेच, आणि त्यांची 'वैजयंता' तमाशातल्या बाईची गोष्ट सांगते. ती आमच्या कपाटात पहिल्यापासून होती. कट्ट्यावर मात्र पहिली सहा वर्षं मी ती काढली नव्हती.

६. नायिकेवर निकाल देऊ नये.

अमृता प्रीतम यांचं 'पिंजर' १९५० चं. पुरोला रशीद पळवून नेतो, जुन्या घराण्याच्या वैरापायी. ती पळून आईबापांकडे येते तर ते दार बंद करतात. फाळणीच्या वेळी तिला परत जाण्याची वाट मोकळी होते, भाऊ न्यायला उभा असतो, आणि ती रशीदकडेच राहते.

मी त्या दिवशी तावातावानं बोलले. जिनं अन्याय करणाऱ्याबरोबर राहायचं ठरवलं ती हरली, असं म्हणाले. 'मुक्ती', 'शरणागती' असले मोठे शब्द वापरले. बोलण्याच्या भरात माझं लक्ष गेलं नाही की पाठीमागच्या रांगेतल्या एक मावशी उठून गेल्या. पुढे तीन महिने त्या आल्या नाहीत. त्यांचं लग्न कसं झालं होतं ते गावातल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं, मला नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चहा केला, खूप वेळ इकडचं-तिकडचं बोलल्या, आणि निघताना म्हणाल्या, "ज्यांनी दार लावून घेतलं त्यांच्याकडं परत जायचं, का ज्यानं पाप केलं पण नंतर भाकरी दिली त्याच्याकडं राहायचं, यात तुम्ही कुठलं निवडलं असतं, ताई?"

मला उत्तर देता आलं नाही, आजही येत नाही. अमृता प्रीतम यांनीही ते दिलेलं नाही, त्यांनी पुरोला तिथे उभं केलं आणि तिचं तिला ठरवू दिलं. तेव्हापासून कट्ट्यावर मी शेवटाबद्दल आधी बोलत नाही.

७. ही पुस्तकं पुरुषांना द्यावीत.

मागितली नाहीत तरी द्यावीत. मामा वरेरकरांनी बंगाली कादंबरीकार शरदबाबू मराठीत आणले आणि आमच्या गावातल्या दोन पिढ्यांच्या पुरुषांनी ते डोळे पुसत वाचले. ज्याला शरदबाबू आवडायचे त्याला मी 'शेष प्रश्न' द्यायचे, आणि त्यातल्या कमलच्या लग्नाविषयीच्या मतांवर तो रागावून आला की 'सुवर्णलता' पुढे करायचे.

८. "तिला काय, तिच्याकडे पैसा होता."

गौरी देशपांड्यांच्या पुस्तकांवर कट्ट्यावर हमखास येणारं वाक्य. इरावतीबाईंची मुलगी, महर्षी कर्व्यांची नात, तिच्या नायिका इंग्रजी बोलणाऱ्या, परदेशी राहणाऱ्या. वाक्य खोटं नाही. पण 'एकेक पान गळावया' आमच्याकडे १९९४ साली घेतलं, त्याच्या मागची तारखेची चिठ्ठी तीनदा बदलावी लागली. नाही म्हणत म्हणत ते सगळ्यांनी नेलं. मला वाटतं, पोटाची काळजी मिटल्यावरही बाईचा प्रश्न सुटत नाही, हे सांगायला पोटाची काळजी नसलेलीच नायिका लागते. नवरा चांगला आहे, मुलं चांगली आहेत, तरी हिचं काय दुखतंय? हा प्रश्न आमच्या गावातल्या कितीतरी चांगल्या घरांत होता. तो विचारायची कुणाची छाती नव्हती.

९. कादंबरीत सातबारा शोधावा.

प्रेमावर कादंबऱ्यांची पानंच्या पानं असतात. बाईच्या नावावर काय आहे, यावर क्वचितच एखादं असतं. मी आता कुठलीही अशी कादंबरी हातात घेतली की हे शोधते. उद्या हिनं नाही म्हटलं तर ही राहणार कुठे? जिला नाही म्हणता येत नाही तिच्या हो म्हणण्याला मी प्रेम कशी म्हणू?

हे मला पुस्तकातून कळलं असं म्हणणं खोटं ठरेल. माझं लग्न १९८८ चं. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला तो त्याआधी लग्न झालेल्यांना नव्हता. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो आम्हालाही मिळाला. त्यानंतरच्या वर्षी वडील गेले. वर्षश्राद्ध झालं आणि आठवड्याभरात दादानं आम्हा दोघी बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं. हक्कसोडपत्र होतं. फोटो काढला, अंगठा दिला, सह्या केल्या. बाहेर आल्यावर दादानं आम्हाला उसाचा रस पाजला आणि साडी घेतली. आमच्याकडे असंच करतात. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सोडून देतात, आणि सोडणारीला समजूतदार म्हणतात. मी एकही ओळ वाचली नव्हती. त्याच शनिवारी कट्ट्यावर 'प्रथम प्रतिश्रुती'चं पहिलं वाचन होतं, आणि मी सत्यवतीच्या बाणेदारपणाबद्दल बोलले होते.

गेल्या पावसाळ्यात दादाचा फोन आला. आजोबांची गावातली घरजागा तेव्हा राहून गेली होती, तिचाही कागद करायचाय. तो घरी आला, बरोबर पुतण्या. चहा झाला. त्यानं पेन काढून हातात दिलं.

मी म्हटलं, "दादा, कागद ठेवून जा. वाचून सांगते."

"वाचायचं काय आहे त्यात? मागच्यासारखंच आहे."

"मागचाही वाचला नव्हता रे."

तो घटकाभर माझ्याकडे बघत राहिला. रागावला नाही. "तू वाचणारच," एवढंच म्हणाला, आणि कागद टेबलावर ठेवून गेला.

आठ पानं आहेत. मी रोज रात्री थोडं थोडं वाचते, जिथे अडतं तिथे पेन्सिलीनं खूण करते. चतुःसीमेत पूर्वेला रस्ता लिहिलाय. पूर्वेला रस्ता नाही, आडाची जागा आहे. आई तिथे पाणी शेंदायची, आणि आम्ही दोघी बहिणी कठड्यावर बसून तिला पुस्तक वाचून दाखवायचो.